वाडी वसवणारा खोत कागदात शोधायचा कसा?

प्रश्न : गिरगावातली खोताची वाडी अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थाने वसवली आणि ईस्ट इंडियन (मुंबई परिसरातल्या मूळच्या ख्रिस्ती) कुटुंबांना जागा विकल्या, एवढंच सगळीकडे वाचायला मिळतं. त्याचं चरित्र लिहायचं आहे. सुरुवात कुठून करू? सातबारा मिळेल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : सातबारा विसरा. मुंबई शहरात मिळकत पत्रिका असते. तिच्यावरचा सी.एस. नंबर (भूमापन क्रमांक) आणि 'गिरगाव विभाग' टिपून घ्या, पुढचे सगळे कागद त्यावरच निघतात. मात्र पत्रिका दादोबांपर्यंत मागे जात नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातही हेलपाटा घालू नका. मुंबई बेट तेव्हा कंपनी सरकारकडे होतं.

खरी वाट उलटी आहे. दस्तनोंदणी सक्तीची झाली ती १८६४ च्या कायद्याने, म्हणजे दादोबांचे स्वतःचे दस्त नोंदणी कार्यालयात नसणार. पण वाडीतल्या घरांची नंतरची खरेदीखतं काढा. त्यांच्या सुरुवातीला जागा कोणाकडून कोणाकडे आली याची साखळी दिलेली असते, आणि वकील ती शक्य तितकी मागे नेतात. नोंदणी कार्यालयाच्या सूचींपैकी इंडेक्स १ नावांचा, इंडेक्स २ मिळकतींचा. तुम्ही २ पासून सुरुवात करा. शेजारच्या चार-पाच घरांच्या साखळ्या एकाच नावाशी येऊन थांबल्या, तर धागा हाती लागला म्हणायचं. घरमालक जुने कागद दाखवायला कचरतात, तेव्हा झेरॉक्स मागण्यापेक्षा तिथेच बसून उतरवून घेतलेलं बरं.

'विकल्या' हा शब्द मात्र तपासून घ्या. जुन्या मुंबईत फजेंदारीचा प्रकार सर्रास होता: जमीन फजेंदाराची म्हणजे जमीनमालकाची, वर्षाचं भाडं त्याला, घर राहणाऱ्याचं. दादोबांनी जागा विकल्या की भाड्याने दिल्या, यावर त्यांचं सगळं चित्र बदलतं. कलेक्टर कचेरीतल्या जुन्या भूमापनाच्या नोंदी आणि भूमापक लॉटन याच्या १८६५ ते १८७२ च्या मोजणीचे नकाशे इथे उपयोगी पडतात.

चूक होते ती बहुधा नावात. खोत हा सारावसुलीचा हुद्दा. इंग्रजी सूचीत 'खोत' शोधून काही मिळालं नाही म्हणून निराश होऊ नका. जुन्या सूचींत हिंदू नावं अनेकदा पहिल्या नावाखाली असतात. 'दादोबा', 'दादाबा', 'वामनजी' अशी सगळी रूपं बघा, वामनसाठी 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्ही अक्षरं चाळा. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्याने दोन दादोबा एकत्र होण्याचा धोका आहेच. बापाचं नाव जुळल्याशिवाय नोंद मान्य करू नका.

वाद किंवा वारसा कोर्टात गेला असेल, तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात मेयर्स कोर्टाचं (कंपनीच्या काळातल्या मुंबईच्या न्यायालयाचं) दप्तर पाहा. त्या कोर्टाची जागा १७९८ मध्ये रेकॉर्डर्स कोर्टाने घेतली. दुसऱ्या बाजूने, घरं घेणाऱ्यांची नावं चर्चच्या बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्यांत मिळू शकतात. जुना मजकूर लॅटिन किंवा पोर्तुगीजमध्ये असेल, पण नावं आणि तारखा थोड्या सरावाने लागतात.

मोडी कागदावर शालिवाहन शकाचं वर्ष दिसलं तर इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवा. माघ-फाल्गुनातली मिती असेल तर ७९.