एनबीएचा खेळाडू जायबंदी झाला की त्याच्या पैशाचं काय होतं?

आमच्याकडं सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं. रक्कम ठरली, थोडी उचल घेतली, की मग आजारपण असो नाहीतर लग्नकार्य, जितके दिवस कामावर नाही तितके खाडे धरून हिशेब होतो. तुम्ही विचारलंय, एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या बास्केटबॉल लीगचा, खेळाडू जायबंदी झाला तर पगार बंद होतो का, आणि तो कंगाल होतो का. पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. तिथल्या बहुतेक करारांत खाडेच नाहीत. खेळताना गुडघा गेला आणि वर्षभर घरी बसला, तरी ठरलेला पगार मिळतो.

क्ले थॉम्पसनचं बघा. 13 जून 2019 ला फायनलमध्ये त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. पुढच्याच महिन्यात त्याच्या संघानं, गोल्डन स्टेट वॉरियर्सनं, त्याच्याशी 5 वर्षांचा सुमारे 19 कोटी डॉलरचा करार केला. 2020 च्या नोव्हेंबरात दुसऱ्या पायाच्या टाचेमागची शीर तुटली. तो परत खेळला ते थेट 9 जानेवारी 2022 ला. मधले दोन सीझन एकही सामना नाही, पगार मात्र चालू.

संघही यात अगदी बुडत नाही. मोठ्या पगारवाल्यांचा विमा काढलेला असतो. सलग 41 सामने हुकले की पुढच्या पगारातला सुमारे 80 टक्के भार विमा कंपनी उचलते. पीकविम्यासारखंच, फक्त पंचनाम्यासाठी कुणाच्या पाया पडावं लागत नसावं.

खरा मार बसतो तो पुढच्या पाडव्याला, म्हणजे नवा करार ठरताना. यात आयझेया थॉमससारखं उदाहरण नाही. पाच फूट नऊ इंच उंची, 2011 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, 60वा, म्हणजे सगळ्यात शेवटी निवडलेला. त्याचा करार 4 वर्षांचा, 2.7 कोटी डॉलरचा; तिथल्या मानानं स्वस्तातला. 2016-17 मध्ये बॉस्टनकडून त्यानं सामन्यामागं सरासरी 28.9 गुण काढले. करार 2018 ला संपणार होता आणि पुढचा त्याच्या कितीतरी पट मोठा होणार हे सगळेच धरून चालले होते. पण खुबा दुखावलेला असताना तो प्लेऑफ, म्हणजे सीझनअखेरचे विजेतेपदासाठीचे सामने, खेळत राहिला. त्याच दिवसांत त्याची बहीण अपघातात गेली, तरी दुसऱ्या दिवशी गडी मैदानात होता. उन्हाळ्यात बॉस्टननं त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. 2018 मध्ये खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्याच वर्षी त्यानं डेन्व्हरशी करार केला तो एका वर्षाचा, किमान पगाराचा, सुमारे 20 लाख डॉलरचा. हातातला करार पूर्ण मिळाला, पण ज्याच्यासाठी सात वर्षं घासली तो आलाच नाही. हे नुकसान कुठल्याच कागदावर दिसत नाही.

डेरिक रोझचं उलटं झालं. 2011 ला 22 व्या वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, त्याच डिसेंबरात 5 वर्षांचा करार झाला, आणि एप्रिल 2012 मध्ये गुडघा गेला. खेळ पहिल्यासारखा राहिला नाही, पण सही आधी झालेली होती. दुखापत सहीच्या आधी की नंतर, यावर सगळं गणित फिरतं. माझ्या मते हे निव्वळ नशीब आहे.

आता संपत्तीचं. छापून येणारा आकडा हातात पडत नाही. कर जातो, तोही जिथं जिथं सामने खेळला त्या राज्यांचा धरून. एजंटाचे टक्के जातात. उरलेल्यावर घर, गाड्या, गोतावळा. खर्च मोठ्या कराराच्या भरवशावर वाढवलेला असतो आणि पुढचा करार किमान पगाराचा निघाला तर तिथं घर बसतं. जखमेनं पगार लगेच थांबत नाही, कमवायची वर्षं मात्र कापली जातात. आणि ही वर्षं मुळातच थोडी. एनबीएच्या खालच्या पायरीवरच्या जी लीगमधल्या पोरांना तर सीझनचे 40 हजार डॉलरच्या आसपास मिळतात. त्यांच्याजवळ गमवायला मोठा करार नसतो, पण वर चढायची संधी गुडघ्याबरोबर जाते.

ते मला कळतं. मी अंबाजोगाईकडचा. विद्यापीठाच्या संघात असताना रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला बॉल, उडी मारून घेऊन खाली आलो आणि गुडघ्यात कट्‌ असा आवाज आला. गावात ‘मुरगळलंय’ म्हणून दोन महिने चोळून घेतलं. एमआरआय झाला तेव्हा एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं मुख्य लिगामेंट, पूर्ण तुटलेलं निघालं. ऑपरेशनला वडिलांनी बैलजोडी विकली. आपल्याकडं बास्केटबॉलवाल्याचा ‘करार’ म्हणजे खेळाडू कोट्यातली नोकरी. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत 5 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी लागणारी स्पर्धा मी पलंगावरून ऐकली. पुढं बीपीएड केलं, आता शाळेत खेळ शिकवतो.

एक राहिलं. पगाराची गॅरंटी असली तरी एनबीएच्या करारात मोटारसायकलसारख्या गोष्टींना बंदी असते. 2002 ला दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला जे विल्यम्स पहिल्याच सीझननंतर मोटारसायकलच्या अपघातात सापडला, पायाला इतकी जबर दुखापत झाली की एनबीएचा सामना परत खेळला नाही. करार मोडल्यामुळं शिकागो बुल्सवर उरलेला पगार द्यायचं बंधन नव्हतं, तरी त्यांनी 30 लाख डॉलर दिले. हे वर्गात सांगितलं तर एक पोरगं म्हणालं, “सर, मग तुम्ही रोज गाडीवर कशाला येता?” सेल्फ-स्टार्टची आहे म्हणून येतो. किक मारायला तो गुडघा अजून तयार नाही.