झुरिकहून एका दिवसात रेल्वे, गोंडोला (रोपवेचे बंद पाळणे) आणि थोडं चालणं जमेल का? युंगफ्राउयोखला जावं का?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसच्या कामाने झुरिकला आहात, एकच रविवार मोकळा आहे आणि सोबत साठीच्या आई आहेत. आरामात जमेल. पण माझं ऐकाल तर योख, म्हणजे रेल्वेने गाठायची ती उंच बर्फाळ खिंड, राहू द्या, त्याच भागातल्या मेनलिखन या डोंगरावर जा.

योखला नावं ठेवत नाही. १८९६ ते १९१२ एवढी वर्षं खपून आयगर आणि म्योंख या शिखरांच्या पोटातून रेल्वेसाठी सात किलोमीटरचा बोगदा काढला, त्याला सलामच. पण तिकीट खिसा कापतं, डोंगरातला बराच वेळ अंधारात जातो, आणि वर ३४५४ मीटरवर डोकं जड झालं की माणूस खुर्ची शोधत फिरतो.

सातच्या सुमारास निघालात की दोन तासांत इंटरलाकन ओस्ट स्टेशन. इथे सांभाळा. पुढची गाडी वाटेत त्स्वायल्युटशिननला दुभंगते, अर्धे डबे ग्रिंडेलवाल्डला, अर्धे लाउटरब्रुननला. डब्यावरची पाटी न वाचता मी खिडकी पकडली आणि सरळ लाउटरब्रुननला पोचलो. (बिघडलं काही नाही, वेंगेनहूनही रोपवे मेनलिखनला जातो. पण माझ्या आईने ते अजून सोडलेलं नाही.) तुम्ही ग्रिंडेलवाल्ड टर्मिनलला उतरा, स्टेशनाला लागूनच गोंडोला. वीसेक मिनिटांत २२२५ मीटरवर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून जवळजवळ सहाशे मीटर वर, तेही बसल्या बसल्या!

तिथून क्लाइने शायडेग या खिंडीतल्या स्टेशनापर्यंत साडेचार किलोमीटर चालायचं. वाट रुंद, उतार हलका. पिवळ्या पाटीवर दीड तास लिहिलेला असतो, पण त्यात थांबे धरलेले नसतात. आम्हाला तीन तास लागले. समोर सतत आयगरची उत्तर भिंत, सुमारे १८०० मीटर सरळ उभी. ती पहिल्यांदा सर झाली १९३८ साली. वाटेत पोखरलेल्या ओंडक्याच्या कुंडीत झऱ्याचं पाणी पडत होतं, दोन घोटांत दात ठणकले. आम्ही गेलो तेव्हा पितृपक्ष होता. बाकावर दशम्या सोडल्या आणि पिवळ्या चोचीचे काळे कावळे हजर! आईने शेंगदाण्याच्या चटणीसकट एक तुकडा बाजूला ठेवलाच.

बूट मात्र पकडीचे हवेत, चपला-सँडल नकोत. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत ही वाट चांगली. हिवाळ्याच्या आगेमागे काही आठवडे गोंडोला बंद असतो, तारखा बघून घ्या. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर तो ग्रिंडेलवाल्डपर्यंत चालतो, वरचं तिकीट वेगळं, पण सवलतीत.

शायडेगहून उतरायला १८९३पासून चालणारी दातेरी रुळांची गाडी. डावीकडे बसा, वेंगेनपर्यंत युंगफ्राउ शिखर खिडकीतच असतं. मग लाउटरब्रुनन, इंटरलाकन, आणि रात्रीच्या जेवणाला झुरिक.

सकाळी निघण्याआधी मेनलिखनचा वेबकॅम उघडा. पडदा पांढराफटक दिसला तर वरचं तिकीट काढू नका, लाउटरब्रुननलाच उतरा. तिथला श्टाउबबाख धबधबा २९७ मीटरचा आहे, आणि गावातून दहा मिनिटं चाललं की त्याच्या पायथ्याशी.