लांबोडक्या चेंडूचे दोन खेळ: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटसोबत फ्लॅग फुटबॉलही (अमेरिकन फुटबॉलचा पाडापाडी नसलेला प्रकार) खेळला जाणार, अशी छोटी बातमी आम्ही क्रीडा पानावर दिली होती. त्यावर अमेरिकन फुटबॉल आणि रग्बी या दोन खेळांबद्दल बरीच पत्रं आली. निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न: दोन्हीकडं चेंडू लांबोडका, दोन्हीकडं धरपकड. मग नेमका फरक काय? नव्यानं बघायला सुरुवात करणाऱ्यानं आधी कोणता खेळ धरावा? (कॉलेज विद्यार्थी, लातूर)

दोन्ही एकाच घरातले आहेत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतली कॉलेजं रग्बीसारखाच खेळ खेळत होती. १८८० मध्ये येल विद्यापीठाचे खेळाडू वॉल्टर कॅम्प यांच्या आग्रहानं तिथं स्क्रमची, म्हणजे दोन्ही संघांनी वाकून भिडून चेंडूसाठी करायची, रेटारेटी गेली आणि चेंडू एका संघाच्या ताब्यात देऊन खेळ सुरू करायची पद्धत आली. मग एक संघ चेंडू सोडेचना. म्हणून १८८२ मध्ये नियम आला की ठरावीक प्रयत्नांत ठरावीक अंतर कापा, नाहीतर चेंडू द्या. १९०५ च्या हंगामात मैदानावर खेळाडू दगावले, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कॉलेजवाल्यांना बोलावून घेतलं, आणि १९०६ मध्ये चेंडू हातानं पुढं फेकायला परवानगी मिळाली. तिथून वाटा कायमच्या वेगळ्या झाल्या.

आजचा फरक असा. रग्बीत चेंडू हातानं पुढं देता येत नाही. पुढं न्यायचा तर घेऊन पळा किंवा लाथेनं मारा. चेंडू ज्याच्या हातात नाही त्याला अडवताही येत नाही. गडी पाडला तरी खेळ थांबत नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक प्रयत्नात एकदा चेंडू पुढं फेकता येतो, सोबत्यासाठी वाट मोकळी करायला समोरच्याला अंगानं रेटता येतं, आणि गडी पडला की शिट्टी. खेळ तिथंच थांबतो, पुन्हा मांडणी होते.

त्या प्रयत्नाला 'डाउन' म्हणतात. चार डाउनमध्ये १० यार्ड कापायचे. कापले की पुन्हा नवे चार. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे तिच्या निम्म्याहूनही थोडं कमी अंतर. एवढ्याशा जागेसाठी ११ विरुद्ध ११ धिप्पाड माणसं झटतात, हे एकदा डोळ्यांपुढं आणलं की खेळ उलगडायला लागतो. कबड्डी पाहणाऱ्याला हे जड जाऊ नये. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो', तसाच ताण इथं तिसऱ्या डाउनला येतो.

उदाहरण घ्या. पडद्यावर 'थर्ड अँड सेव्हन' दिसतं, म्हणजे तिसरा प्रयत्न आणि सात यार्ड बाकी. सात यार्ड पळून मिळणं अवघड, म्हणून बहुतेक वेळा चेंडू फेकला जाणार. इथं चेंडूकडं बघू नका. चेंडू सुरू करणारा मधला गडी आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन, असे पाच जाडजूड गडी असतात, त्यांच्याकडं बघा. ते ताठ उभे राहून एकेक पाऊल मागं सरकले तर चेंडू फेकला जाणार. खाली वाकून पुढं मुसंडी मारली तर कुणीतरी घेऊन पळणार. पुढचं सगळं चार-सहा सेकंदांत आटोपतं. सात यार्ड मिळाले नाहीत तर चौथ्या डाउनला तीन पर्याय उरतात: लांब लाथ मारून चेंडू देऊन टाकणं, खांबांमधून मारून ३ गुण घेणं, किंवा धाडस करून उरलेले यार्ड कापायचा प्रयत्न. लाथेचं अंतर असं काढा: चेंडू ज्या यार्डाच्या रेषेवर आहे त्यात १७ मिळवा. ३० वर असेल तर ४७ यार्डांची लाथ. खांब गोलरेषेमागं १० यार्डांवर असतात, आणि चेंडू ७ यार्ड मागं घेऊन टेकवतात, म्हणून १७.

गुणांचं गणित सोपं आहे. चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपर्यंत नेला की अमेरिकन फुटबॉलमध्ये टचडाउन, रग्बीत ट्राय. अमेरिकन फुटबॉलमध्ये टचडाउनचे ६, त्यानंतरच्या लाथेचा १ किंवा लाथेऐवजी पुन्हा आत घुसलात तर २. रग्बीत ट्रायचे ५, त्यानंतरच्या लाथेचे २, पेनल्टीचे ३. ट्रायसाठी चेंडू हातानं जमिनीला टेकवावाच लागतो. टचडाउनला टेकवणं लागत नाही, हातातला चेंडू गोलरेषेपर्यंत नुसता पोचला तरी झालं.

आमचं मत विचाराल तर सुरुवात रग्बीनं करा. दोन तासांच्या आत सामना संपतो, खेळ वाहता असतो, आणि अर्धे नियम कळले नाहीत तरी धाव कळते. अमेरिकन फुटबॉल बुद्धिबळासारखा आहे. पहिले चार-पाच सामने अंगावर येतात, पण मांडणी वाचता यायला लागली की त्याच्याइतका खोल सांघिक खेळ आम्हाला दुसरा माहीत नाही. तासाभराच्या घड्याळासाठी तीन तासांहून जास्त बसावं लागतं, एवढी तयारी ठेवा.

प्रश्न: रग्बी बघतो, पण गडी पडल्यावर ढीग होतो आणि मधेच शिट्टी वाजते. ती कशासाठी, हे कधीच कळत नाही. (वाचक, परभणी)

नव्या प्रेक्षकाची सगळ्यात मोठी अडचण हीच आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पाडलेल्या गड्यानं चेंडू लगेच सोडायचा. पाडणाऱ्यानं त्याला सोडून बाजूला लोळायचं. मग दोन्हीकडचे गडी उभ्यानं येऊन चेंडूवर एकमेकांना भिडले की त्याला 'रक' म्हणतात. रकमध्ये मागून, म्हणजे आपल्या शेवटच्या गड्याच्या पायामागूनच यायचं. बाजूनं घुसायचं नाही. रक झाल्यावर चेंडूला हात लावायचा नाही. मात्र रक व्हायच्या आधीच ज्यानं उभं राहून चेंडू पकडला असेल, त्याला तो ओढून घेता येतो.

यावरून शिट्टीची चार मुख्य कारणं निघतात. खाली पडलेला चेंडू सोडत नाही. पाडणारा बाजूला होत नाही. कुणी बाजूनं घुसलं. कुणी पायांवर न राहता चेंडूवर आडवं पडलं. पुढचा सामना बघताना फक्त पाडणाऱ्या गड्यावर नजर ठेवा. तो लोळून बाहेर पडला का, एवढंच. अर्ध्या तासात शिट्टीआधीच तुम्हाला अंदाज यायला लागेल.

दुसरी गोंधळाची जागा पुढच्या पासची. चेंडू जमिनीच्या हिशेबानं पुढं गेलेला दिसतो आणि पंच काहीच बोलत नाही, कारण तो हात बघतो. धावणाऱ्याच्या हातातून चेंडू मागच्या बाजूला सुटला, तर धावेच्या जोरानं तो पुढं वाहत गेला तरी चालतं. चालत्या एसटीच्या खिडकीतून मागं भिरकावलेली वस्तू रस्त्याकडेच्या माणसाला पुढं जाताना दिसते, तसंच.

आणि एक सावधगिरी. सामना १३ जणांचा दिसला आणि गडी पडल्यावर ढीग होत नसेल, तर तो 'रग्बी लीग' आहे. तो निराळा खेळ. त्यात सहा वेळा पाडलं की चेंडू द्यावा लागतो आणि ट्रायचे ४ गुण असतात. इथं आम्ही १५ जणांच्या 'रग्बी युनियन'बद्दलच बोलतो आहोत.

प्रश्न: सकाळी साडेसातला कामावर निघावं लागतं. झोपेचं खोबरं न करता कोणता खेळ बघता येईल? (नोकरदार, बीड)

रग्बी, निःसंशय. फेब्रुवारी-मार्चमध्ये इंग्लंड, आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, फ्रान्स आणि इटली यांची 'सिक्स नेशन्स' ही स्पर्धा होते. ब्रिटनच्या घड्याळानं दुपारी सव्वादोनचा सामना आपल्याकडं संध्याकाळी ७:४५ ला, पावणेपाचचा रात्री १०:१५ ला. न्यूझीलंडमधला हिवाळ्यातला संध्याकाळी ७:०५ चा सामना आपल्याकडं दुपारी १२:३५ ला लागतो, जेवणाच्या वेळेला. २०२७ चा विश्वचषक ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आहे. सिडनीत ऑक्टोबरमध्ये घड्याळं पुढं गेली की तिथले रात्री ८ म्हणजे आपले दुपारी २:३०.

अमेरिकेच्या एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगचा हंगाम सप्टेंबर ते फेब्रुवारी. रविवारचे पहिले सामने तिथल्या पूर्व किनाऱ्याच्या दुपारी १ ला असतात, म्हणजे आपल्याकडं रात्री १०:३०. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागं जातात आणि तोच सामना ११:३० ला येतो. दरवर्षी लोक इथं चुकतात. रविवार रात्रीचा सामना आपल्याकडं सोमवारी पहाटे ५:५० ला, नोव्हेंबरनंतर ६:५० ला. तुमच्यासाठी मार्ग एकच: सामना सुटल्यावर एनएफएलच्या अधिकृत यूट्यूब चॅनलवरचे ठळक क्षण जेवताना बघा. खेळ तुकड्यातुकड्यांचा असल्यामुळं ते बघूनही बरंच कळतं. रग्बीचे ठळक क्षण मात्र अपुरे पडतात, कारण ट्रायच्या आधीची वीस रकची दमवणूक त्यात कापलेली असते.

प्रश्न: अमेरिकन फुटबॉलमध्ये हेल्मेट असतं, म्हणजे तो जास्त सुरक्षित ना? (पालक, नांदेड)

नाही. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, पण आतला मेंदू हादरतो तो हादरतोच. शिवाय कवच आहे म्हणून माणूस जास्त जोरानं जाऊन आदळतो. रग्बीत कठीण कवच चालत नाही, दातांचं कवच, मऊ टोपी असलंच चालतं. त्यात पाडणाऱ्याला खांद्याच्या रेषेखालीच धरावं लागतं आणि हातांनी कवळावं लागतं. डोक्याला लागलं तर पिवळं कार्ड म्हणजे १० मिनिटं बाहेर, धोक्याचं असेल तर लाल. दोन्ही खेळांत धोका खरा आहे. मूल कोणताही खेळ खेळो, डोक्याला मार लागून गोंधळलं, मळमळलं किंवा डोकं दुखतंय म्हणालं तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. 'बरं वाटतंय' या त्याच्या शब्दावर जाऊ नका.

प्रश्न: कुणाच्या बाजूनं व्हावं? आपला संघ तर नाही. (वाचक, धाराशिव)

एनएफएलमध्ये ३२ संघ आहेत, कोणताही धरा, पण पाच वर्षं सोडू नका. तळाच्या संघाला नवे खेळाडू निवडायला पहिला मान मिळतो आणि पगारावर सगळ्यांना सारखी मर्यादा असते, त्यामुळं पडलेला संघ उठतो. रग्बीत देश धरा. दक्षिण आफ्रिकेनं चार विश्वचषक जिंकले, २०२३ चा तर न्यूझीलंडवर १२-११ असा. आणि इंग्लंड-स्कॉटलंड सामना चुकवू नका: त्यांचा 'कलकत्ता कप' १८७८ मध्ये, बंद पडलेल्या कलकत्त्याच्या रग्बी क्लबचे चांदीचे रुपये वितळवून घडवला आहे. त्याच्या मुठी नागाच्या आहेत, झाकणावर हत्ती आहे.

प्रश्न: शाळेत मुला-मुलींना यातलं काही शिकवायचं आहे. पैसे नाहीत, मैदान काळ्या मातीचं. (क्रीडाशिक्षक, जिंतूर)

टॅग रग्बी घ्या. त्यात पाडापाडी नाही. कमरेला पट्टा, दोन्ही बाजूंना एकेक फीत. ज्याच्याकडं चेंडू आहे त्याची फीत ओढली की त्यानं तीन सेकंदांत पास द्यायचा. जुन्या साडीच्या काठाच्या पाचेक सेंटिमीटर रुंद, ३५-४० सेंटिमीटर लांब फिती कापा, वरच्या टोकाला वेल्क्रो शिवून घ्या. गाठ मारू नका; गाठ सुटत नाही, मूल फरफटतं किंवा बोट अडकतं. सदरा आत खोचायला लावा, नाहीतर फीत झाकली जाते. फितीवर हात धरून पळणाऱ्याकडून चेंडू काढून घ्या.

चेंडू दहा ते चौदा वयोगटाला ४ नंबरचा. हवा ९.५ ते १० पीएसआय. सायकलच्या पंपानं दगडासारखा टणक केला की मुलांच्या हातातून उसळतो.

पहिल्या आठवड्यात एकच सराव. चार मुलं रांगेत, प्रत्येक जण चेंडूवाल्याच्या दोन मीटर मागं. चालत पास, मग हळू पळत. चूक नेहमी एकच होते: पास घेणारा उत्साहात पुढं जातो आणि मग पास मागं जाऊच शकत नाही. थांबून ओरडण्यापेक्षा चुन्यानं तिरक्या रेषा आखा, प्रत्येकानं आपल्या रेषेमागं राहायचं.

मैदानाचं सांगायचं तर एप्रिल-मेमध्ये भेगा पडतात, तेव्हा घोटे मुरगळतात. भेगांत माती भरून पाणी मारल्याशिवाय खेळवू नका. पावसाळ्यात चिखल बुटाला चिकटून तळवा जड होतो, दोन दिवस उघाड मिळाली तरच घ्या. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा हंगाम धरा. ४० बाय ३० मीटरची जागा पुरते, म्हणजे साधारण १२ गुंठे.