कॅनन ईओएस आरपी घेताय? आधी हे वाचा

२०१९चा हा फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा मोठा सेन्सर असलेला) मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा बॅटरी-कार्डसह जेमतेम ४८५ ग्रॅम भरतो. २६.२ मेगापिक्सेल आणि ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस (सेन्सरवरच्या पिक्सेलनीच झटपट फोकस करणारी कॅननची पद्धत) यामुळे माणसांचे फोटो, घरगुती समारंभ आणि प्रवास यांसाठी तो आजही उत्तम आहे. अ‍ॅडॉप्टर लावून जुन्या ईएफ लेन्स (कॅननच्या डीएसएलआरच्या) ऑटोफोकससकट चालतात. ईएफ-एस लेन्स (लहान सेन्सरच्या डीएसएलआरसाठीच्या) मात्र लावू नका, फोटो क्रॉप होऊन जेमतेम १० मेगापिक्सेल उरतात.

खरी उणीव डायनॅमिक रेंजची, म्हणजे एकाच फोटोत गडद सावली आणि लख्ख उजेड दोन्हींचे तपशील टिपण्याच्या क्षमतेची. आयएसओ १०० इतक्या कमी प्रकाशसंवेदनशीलतेला काढलेल्या फोटोतही सावल्या एडिटिंगमध्ये तीनेक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) उचलल्या की नॉइज (दाणेदारपणा) दिसतो. म्हणून रॉमध्येच (सेन्सरचा कच्चा डेटा ठेवणाऱ्या फाइलमध्ये) काढा आणि हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) उजव्या कडेला न आपटता जितका उजवीकडे नेता येईल तितका न्या. सूर्यास्ताला ट्रायपॉडवर −२, ०, +२ स्टॉप एक्स्पोजरचे तीन फोटो घेऊन जोडा.

शटरचा वेग १/४००० सेकंदापर्यंतच. रणरणत्या उन्हात एफ/१.८ (लेन्सचं छिद्र खूप मोठं) ठेवलं तर तेही अपुरं पडतं. शिवाय इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टनमुळे (शटरचा पहिला पडदा यांत्रिक नसून इलेक्ट्रॉनिक असल्यामुळे) एवढ्या वेगाला मागच्या धूसर प्रकाशगोळ्यांच्या कडा कापल्यासारख्या दिसतात. तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्समध्ये येणारा प्रकाश कमी करणारी काळसर काच) लावून १/१०००च्या आसपास उतरा, दोन्ही प्रश्न सुटतात.

एका चार्जवर साधारण २५० फोटो, त्यामुळे याला लागणाऱ्या एलपी-ई१७ प्रकारच्या दोन जादा बॅटऱ्या बजेटमध्ये धराच. कार्डाचा स्लॉट एकच असल्याने पैसे घेऊन लग्नाचं काम करणार असाल तर हा बॉडी नको. फोर-केमध्ये चौकट मोठी क्रॉप होते आणि ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस बंद पडतो, तेव्हा व्हिडिओ फुल एचडीतच काढा.