अमेरिकेतल्या मेव्हण्यासाठी दारू तोलायचा काटा मुंबईतून न्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बायकोचा भाऊ टेक्सासला असतो, नेमबाजीच्या छंदापायी रिकामी काडतुसं घरीच पुन्हा भरतो, त्याला बंदुकीची दारू तोलायला इलेक्ट्रॉनिक काटा हवाय. झवेरी बाजारातून सोनारांचा ०.००१ ग्रॅमवाला काटा घेऊन जाताना नेला तर चालेल का?

चालेल. पण तुमच्या जागी मी असतो तर काटा नेला नसता, वजनं नेली असती.

माझं काटे दुरुस्तीचं दुकान आहे, मशीद बंदर स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या पोटमाळ्यावर. गिऱ्हाईक बहुतेक सोनार. दारूच्या काट्यांशी संबंध आला तो ओहायोतल्या चुलतभावामुळे, त्यालाही हाच छंद. पहिल्यांदा त्याने फोनवर "दारू मोजायला काटा कुठला घेऊ रे?" असं विचारलं तेव्हा स्पीकर चालू होता आणि आई समोर जेवत होती. दारू म्हणजे कुठली दारू, हे तिला पटवण्यात माझी आमटी गार झाली.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे हा घरी बसून करायचा छंद नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. पुढचं सगळं मेव्हण्यासाठी, त्याच्या तिथल्या टेबलासाठी.

ही मंडळी ग्रेनमध्ये तोलतात. एकक परकं वाटेल, पण आजीच्या तोळ्यात ते होतंच. १८० ग्रेनचा एक तोळा. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६४.८ मिलिग्रॅम. त्यांना निदान एक दशांश ग्रेन कळायला हवा, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम. रायफलीच्या मोठ्या काडतुसात दारू चाळीस ग्रेनच्या आसपास असते, तिथे दशांश ग्रेन इकडेतिकडे झाला तर थोडं खपून जातं. ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या काडतुसात मात्र ती जेमतेम चार-सहा ग्रेन, तिथे तेवढ्याच चुकीचे दोन टक्के होतात. म्हणून ०.०१ ग्रॅमचा काटा आधीच बाद, त्याचं एक पाऊलच १० मिलिग्रॅमचं. ०.००१ ग्रॅमचा हवा, इथपर्यंत तुमचं बरोबर आहे.

आता खरी गोम. ऑनलाइन दीड-दोन हजारांत मिळणाऱ्या खिशातल्या काट्यावरही दशांश चिन्हापुढे तीन आकडे दिसतात. तो उघडला की आत बोटाएवढी ॲल्युमिनियमची पट्टी निघते, मधे भोकं पाडलेली, वर गोंदाने चिकटवलेला स्ट्रेन गेज. वजन ठेवलं की पट्टी डोळ्याला दिसणारही नाही इतकी वाकते, गेजचा रोध बदलतो, त्यावरून आकडा येतो. खोली तापली की पट्टी आणि गोंद दोन्ही आपापल्या परीने हलतात आणि काही न ठेवता शून्याचा ०.००४ होतो. महाग काट्यांत चुंबकाच्या खोबणीत तारेचं वेटोळं असतं. वजन आलं तरी ते जागेवरून हलू नये म्हणून किती करंट लागला, तो मोजतात. हा प्रकार झटपट स्थिरावतो आणि फारसा भटकत नाही. ए अँड डी कंपनीचा एफएक्स-१२०आय ह्याच जातीचा. क्षमता १२२ ग्रॅम, पाऊल ०.००१ ग्रॅम, ग्रेनमध्ये ०.०२. अमेरिकेत काटेकोर नेमबाजीवाले तो दारूसाठी भरपूर वापरतात, भावानेही शेवटी तोच घेतला. काही शे डॉलर जातात, पण मेव्हणा ह्या छंदात मुरलेला असेल तर त्याने तिथेच घ्यावा, म्हणजे वॉरंटीही तिथली.

त्याआधी भावाकडे स्वस्तातला होता. त्याची तक्रार विचित्र होती. पारड्यात बरीचशी दारू ओतायची आणि शेवटचे चार दाणे छोट्या नळीतून एकेक करून टाकायचे, अशी ह्यांची पद्धत. तो दाणे टाकतोय, आकडा ढिम्म. आणखी टाकले, तरी ढिम्म. वैतागून पारडं उचलून परत ठेवलं तर आकडा एकदम पाव ग्रेन पुढे. मला व्हिडिओ कॉलवर दाखवलं आणि म्हणाला, काटा बिघडलाय.

बिघडला नव्हता, शहाणा झाला होता. शून्याजवळचा बारीक बदल काटा "हा आपला भटकणारा शून्य" असं समजून गिळतो, ह्याला ऑटो झीरो ट्रॅकिंग म्हणतात. वजन असतानाही स्वस्त काट्यातलं सॉफ्टवेअर आकडा थरथरू नये म्हणून तो धरून ठेवतं. सोनाराला ह्याचं सुख वाटतं, तो अंगठी ठेवतो, वाचतो, उचलतो. दाणा दाणा टाकणाऱ्याला हाच गुण मारक. आकडा थांबला म्हणून तो टाकत राहतो आणि काडतुसात जास्त दारू जाते, आणि ते काडतूस उडवताना बंदूक चेहऱ्याजवळ असते. त्यामुळे कुठलाही काटा घेण्याआधी खसखशीने तपासायचा. पारड्यात दोन ग्रॅमचं वजन ठेवा आणि चिमटीतून खसखस अगदी हळू सोडत राहा. आकडा सोबत चढला तर ठीक. थिजून राहिला आणि पारडं उचलून ठेवल्यावर उडी मारली, तर तो काटा कितीही दशांश दाखवो, ह्या कामाचा नाही. माझ्या दुकानात बाटलीभर खसखस ह्यासाठीच ठेवलेली असते, पोऱ्या ती अधूनमधून खातो.

आता मुंबईतून का नको, ते. ही माझी स्वतःची फजिती आहे. पहिला काटा भावाला मीच पाठवला होता. शेवटच्या आकड्यापर्यंत जुळवून, छातीठोकपणे. त्याने तिथे ५० ग्रॅमचं वजन ठेवलं तर सुमारे ७५ मिलिग्रॅम जास्त. "तुझा काटा लबाड आहे." दोन दिवस मी बोटी, कुरियर, कस्टमवाले सगळ्यांना शिव्या घातल्या. मग डोक्यात ट्यूब पेटली. इलेक्ट्रॉनिक काटा पदार्थ किती आहे ते मोजत नाही, तो खाली किती दाबतोय ते मोजतो. विषुववृत्तापासून जितकं दूर जावं तितकं गुरुत्वाकर्षण थोडं वाढतं. मुंबई १९ अंशांवर, ओहायो ४० च्या आसपास. फरक साधारण दीड सहस्रांश. काटा अगदी बरोबर होता, फक्त मुंबईसाठी. टेक्सासमध्ये डॅलसकडे फरक थोडा कमी, ५० ग्रॅमला ४५ मिलिग्रॅमच्या आसपास.

तिथे नेऊन पुन्हा कॅलिब्रेट केला, म्हणजे माहीत असलेलं वजन ठेवून आकडा जुळवला, की प्रश्न मिटतो, बरोबर. पण त्यासाठी खात्रीचं वजन लागतं, आणि स्वस्त काट्यासोबत डबीत येणारं वजन बहुतेक वेळा नुसतं खेळणं असतं. शिवाय सोनाराचा पास केलेला काटा घेतलात तर त्याला वजनमापवाल्यांचं सील असतं, कॅलिब्रेशनला हात लावायचा तर सील तुटतं. इथल्या बऱ्याच काट्यांत ग्रॅम आणि कॅरट असतात, ग्रेन प्रत्येकात नसतं. आणि तिकडची वीज १२० व्होल्ट, म्हणजे ॲडॅप्टरवर १०० ते २४० लिहिलेलं नसेल तर तीही कटकट.

स्टीलच्या वजनाला ह्यातलं काही लागत नाही. दोन ग्रॅम इथेही दोन ग्रॅम, तिथेही दोन ग्रॅम. प्रिन्सेस स्ट्रीटला प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा, एफ१ वर्गाची स्टेनलेस वजनं मागा. दुकानदार एम१ पुढे करेल, स्वस्त आहेत म्हणेल. घेऊ नका. २ ग्रॅमच्या एम१ वजनाला १.२ मिलिग्रॅमची चूक माफ असते, एफ१ ला ०.१२ ची. पूर्ण संचही नको: १, २, २ आणि ५ ग्रॅम, वर काट्याला कॅलिब्रेशनसाठी जे लागेल ते एक मोठं, ५० किंवा १००. त्याच्या काट्याच्या पुस्तिकेत कुठलं ते लिहिलेलं असेल, आधी विचारून घ्या. एनएबीएलमान्य (एनएबीएल म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारी आपली संस्था) प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र सोबत मागून घ्या. वजनं हाताने उचलायची नाहीत, चिमट्याने. घामाचा ठसाही तोलला जातो.

मेव्हण्याकडे जुना दांडीचा काटा असेल, तर तो फेकू नको म्हणावं. दांडीवर वजनाशी वजन ताडलं जातं, त्यामुळे तिला ना गुरुत्वाकर्षणाचा फरक पडतो ना विजेचा. हळू आहे, एवढंच. भाऊ अजूनही दर दहा-पंधरा काडतुसांनंतर एक त्यावर ताडून बघतो.

बाकी काळजी सगळ्यांना ठाऊक असते, पाळत कोणी नाही. काटा अर्धा तास आधी चालू करून ठेवायचा. पंखा किंवा एसीचा झोत नको, काचेचं झाकण हवं. मोबाइल शेजारी नको. टेबल जड हवं. माझ्या पोटमाळ्यावर लोकल गेली की शेवटचा आकडा नाचतो, मी वाचायला गाडी जाईपर्यंत थांबतो. बटणावर चुकून बोट पडून ग्रेनचं ग्रॅम झालंय का, हे दर वेळी बघायचं; दोन्हींत पंधरा पटींहून जास्त फरक आहे आणि पडद्यावरची अक्षरं मुंगीएवढी असतात. मुंबईच्या दमट हवेत आपल्याला स्थिर विजेचा त्रास फारसा होत नाही, पण तिकडे कोरड्या थंडीत प्लॅस्टिकचं पारडं दाणे ओढून धरतं आणि आकडा भरकटतो. धातूचं पारडं वापरायला सांगा.

आणि एक. त्याचा वापरलेला काटा "इथे स्वस्तात दुरुस्त करून आणतो" म्हणून बॅगेत घालून आणू नका. विमानतळावर स्फोटकांचे अंश शोधायला फडकं फिरवतात, आणि त्या काट्याच्या फटीफटीत तेच बसलेलं असतं. भावाने विचारलं होतं, मी साफ नाही म्हटलं.

वजनं पोचली की मेव्हण्याला सांगा, काटा ग्रेनवर ठेव, २ ग्रॅमचं वजन चिमट्याने ठेव आणि फोटो पाठव. ३०.८६ च्या आसपास दिसायला हवं. नाही दिसलं तर तो फोटो इथेच टाका, बघतो.