बिस्किटाची पुतळी?

प्रश्न असा आहे : अठराव्या शतकातल्या एका फ्रेंच मेजवानीचं वर्णन मराठीत आणताना 'टेबलावर बिस्किटाच्या पुतळ्या मांडल्या होत्या' असं वाक्य झालं. चालेल का?

शब्द बरोबर आहे, घात केला तो षष्ठीने. 'बिस्किटाच्या' म्हटलं की डोळ्यांपुढे मैदाच येतो. इथे बिस्कीट म्हणजे भाजलेली, पण झिलई न दिलेली चिनी माती. दोन्ही बिस्किटांचं मूळ एकच : लॅटिनमधलं 'बिस कोक्टुस', दोनदा भाजलेलं. गंमत अशी, की ही पुतळी झिलईसाठी पुन्हा भट्टीत घालायचीच नसते आणि आपलं चहाबरोबरचं बिस्कीटही एकदाच भाजतात. नावाला जागतो तो फक्त बेकरीतला टोस्ट!

पण ही चूक अगदीच वाऱ्यावरची नाही. राजेरजवाड्यांच्या पंगतीत शेवटच्या गोडाच्या वेळी टेबल सजायचं ते साखरेच्या पुतळ्यांनी, आणि त्या करायचे हलवाई. १७३१ साली योहान योआखिम केंडलर हा शिल्पकार जर्मनीतल्या माइसेनच्या पोर्सेलीनच्या (चिनी मातीच्या) कारखान्यात आला आणि पुढे तिथून मेंढपाळणी, विदूषक, तुर्क असे पोर्सेलीनचे रंगीत नग टेबलांवर येऊ लागले. १७५३ मध्ये होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने कुरकुर केली, की जेली आणि बिस्किटं गेली, त्यांच्या जागी हे विदूषक आणि तुर्क येऊन बसले. म्हणजे पुतळ्यांनी खरीखुरी बिस्किटंच उठवली.

फ्रेंचांनी त्याच सुमारास व्हँसेनच्या पोर्सेलीन कारखान्यात (तो १७५६ मध्ये सेव्रला हलला) झिलई आणि रंग दोन्ही वगळले. झिलई जाड बसली की केसांच्या बटा, बोटांची पेरं, झग्याच्या चुण्या सायीखाली दडल्यासारख्या बुजतात. कोरी पुतळी रेखीव राहते, दिसते संगमरवरासारखी; आणि माझ्या डोळ्यांना तरी साखरेसारखीही.

तेव्हा पहिल्या उल्लेखाला 'बिनझिलईच्या चिनी मातीच्या पुतळ्या' लिहा, पुढे 'बिस्कीट पोर्सेलीन' खुशाल वापरा. 'अलेपित मृत्तिका' वगैरे घडवू नका, कुंभारालाही कळणार नाही. आणि पुतळीच म्हणा. 'मूर्ती' म्हटलं की वाचक हात जोडतो, इथे तर बहुतेक मेंढपाळ आणि त्यांच्या मैत्रिणी आहेत.