वाचक विचारतात: गायक गेला की पहिल्याच दिवशी एवढा गोंगाट का?

या वेळच्या पत्रांमध्ये एकच विषय फिरून फिरून आलाय, कुणी मोठा गायक गेला की टीव्हीवर, मोबाईलवर, पेपरात जे काही सुरू होतं त्याचा. देवगडपासून दापोलीपर्यंतची पत्रं आहेत, काही चिडून लिहिलेली, काही खरंच काळजीने. त्यातली चार घेतेय, नावं सगळ्यांची गाळलीत.

ताई, लियाम पेन गेला तेव्हा माझी मुलगी नववीत होती. दोन दिवस धड जेवली नाही, नुसती रडत होती. तिचे बाबा ओरडले, "खंयचो कोण तो, तेच्यासाठी रडतंस?" तेव्हापासून तिने आमच्याशी त्याबद्दल बोलणंच सोडलं. ऑक्टोबर आला की डीपी काळा करते आणि खोलीत त्याची गाणी लावून बसते. हे नॉर्मल आहे का?
— एक आई, देवगड

ताई, नॉर्मल आहे. आधी तिच्या बाबांना हे वाचून दाखवा.

लियाम पेन ३१ वर्षांचा होता हो. तो ज्यात गायचा तो वन डायरेक्शन हा पाच पोरांचा ग्रुप २०१० मध्ये जमला, म्हणजे तुमची मुलगी जेमतेम चालायला बोलायला लागली असेल तेव्हा, आणि ती मोठी झाली तोवर त्यांची गाणी जगभर मुलामुलींच्या कानात होती, आपल्याकडे सुद्धा, एसटीत मागच्या सीटवर एक इयरफोन दोघींनी वाटून घेतलेला असतो ना, त्यात तेच वाजत असतं. तो माणूस तिने कधी पाहिला नाही हे खरं, पण त्याचा आवाज रोज तिच्याबरोबर होता, परीक्षेच्या आधी, मैत्रिणीशी भांडण झाल्यावर, रात्री झोप येत नसताना. तो आवाज गेला तर रडू येणारच. आपल्या सिंधुदुर्गात भजनाची डबलबारी गाजवणारा एखादा बुवा गेला तर आयुष्यात त्याच्याशी एक शब्द न बोललेली माणसं तीन गावं ओलांडून येतात, तिथे कुणी विचारत नाही की तुझं त्याच्याशी नातं काय.

मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. १६ ऑक्टोबर २०२४ ला अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्समध्ये हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावरून तो पडला तेव्हा तिथे संध्याकाळचे पाच वाजून गेले होते, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटून दीडचा सुमार. तुमची मुलगी सकाळी उठली, फोन हातात घेतला, आणि तिला काय दिसलं असेल? टीएमझी या अमेरिकन वेबसाईटने त्याच्या मृतदेहाच्या काही भागांचे फोटो टाकले होते, अंगावरचे टॅटू ओळखू यावेत म्हणून. लोक भयंकर संतापले तेव्हा ते काढले, पण तोवर ते पसरले होते. मग अंदाज सुरू झाले, उडी मारली का, कुणी ढकललं का, आणि आत्महत्या नव्हती, पडताना तो पूर्ण शुद्धीत नव्हता हे तिथल्या सरकारी वकिलांनी सांगितलं ते ७ नोव्हेंबरला. म्हणजे तीन आठवडे चौदा-पंधरा वर्षांची मुलं नुसत्या अंदाजांवर जगली, आणि घरात विचारावं तर बाबा ओरडणार.

तर आता असं करा, तिला विचारा की तेव्हा तू काय काय पाहिलंस, काय वाचलंस, आणि ती बोलायला लागली की मध्ये सल्ला देऊ नका. तिच्याबरोबर बसून एखादं गाणं ऐका, शब्द नाही कळले तरी चालेल. वर्षातून एकदा डीपी काळा केला तर करू दे. फक्त झोप, जेवण, कॉलेज हे सगळं महिनोन्‌महिने बिघडलेलं दिसलं किंवा जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचं काही तिच्या तोंडून आलं तर मात्र थांबू नका, मानसिक आरोग्यासाठी टेलि मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

ताई, मी कुडाळ साईडला छोटं यूट्यूब न्यूज चॅनेल चालवतो. आमच्याकडचा ऑर्केस्ट्रात गाणारा एक फेमस गायक अचानक गेला. आम्ही सगळ्यात आधी पोचलो, घरच्यांचा रडतानाचा व्हिडिओ टाकला, मृत्यूचं गूढ काय असा थंबनेल केला. व्ह्यूज खूप आले पण गावातल्या लोकांनी शिव्या घातल्या. मोठी चॅनेल्स रोज हेच करतात मग आमचंच काय चुकलं?
— एक तरुण पत्रकार, कुडाळ

चुकलं रे. मोठ्यांचंही चुकतं आणि तुझंही चुकलं. पण तू विचारतोयस म्हणजे तुला कुठेतरी टोचतंय, म्हणून सविस्तर लिहिते.

मायकल जॅक्सनचं उदाहरण घे, कारण आज जे चालतं त्याची सुरुवात मला तिथे दिसते. २५ जून २००९, लॉस एंजेलिस. दुपारी २ वाजून २६ मिनिटांनी डॉक्टरांनी त्याला मृत घोषित केलं आणि साधारण अठरा मिनिटांत टीएमझीने बातमी फोडली, हो तीच वेबसाईट. बातमी खरी होती. पण मग लोक एवढे तुटून पडले की गुगल न्यूजच्या सिस्टिमला वाटलं आपल्यावर व्हायरसचा हल्ला झालाय, काही वेळ सर्च करणाऱ्यांना एररचं पान दिसत होतं. ट्विटर गडगडलं. आणि त्याच गदारोळात जेफ गोल्डब्लम नावाचा अभिनेता न्यूझीलंडमध्ये कड्यावरून पडून गेला अशी चक्क खोटी बातमी फिरली, ऑस्ट्रेलियातल्या एका टीव्ही चॅनेलने ती दाखवली पण, आणि तो बिचारा घरी ठणठणीत होता. आपल्याकडे वेगळं काय झालं सांग. नोव्हेंबर २०२५ मध्ये धर्मेंद्र आजारी असताना ११ तारखेला मोठमोठ्या चॅनेलनी ते गेल्याचं जाहीर करून टाकलं, हेमा मालिनींना आणि मुलीला सांगावं लागलं की अहो ते आहेत. ते गेले २४ तारखेला. ज्या घरात माणूस आजाराशी झगडतोय त्या घरच्यांनी तो जिवंत असल्याचा खुलासा करत बसायचा, ही केवढी क्रूर गोष्ट आहे.

आता मुद्दा नीट बघ. जॅक्सन नेमका कशाने गेला हे पहिल्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं, तरी चोवीस तास चर्चा. प्रोपोफॉल म्हणजे ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला वापरतात ते औषध त्याला झोप यावी म्हणून घरी दिलं जात होतं, त्याने तो गेला आणि हा मनुष्यवध धरला जाईल हे ऑगस्टच्या शेवटी अधिकृतपणे कळलं. त्याचा डॉक्टर कॉनराड मरे दोषी ठरला ७ नोव्हेंबर २०११ ला, चार वर्षांची शिक्षा झाली. दोन वर्षांहून जास्त काळ गेला मध्ये! आपल्याकडे किती जणांना हे शेवटचं माहीत आहे? मायकल जॅक्सन गेला हे सगळ्यांना माहीत, ऑपरेशन्सनी गेला, गोरं व्हायच्या नादात गेला असलं अजून लोक सांगतात, कारण पहिल्या आठवड्यात जे कानावर पडलं तेच डोक्यात बसलं. श्रीदेवीचंही तेच, फेब्रुवारी २०१८ मध्ये आधी हार्ट अटॅक म्हणाले, मग बुडून गेली असं दुबईहून कळलं आणि आपल्या काही चॅनेलनी स्क्रीनवर बाथटब दाखवले. लाज वाटते आठवलं तरी.

म्हणजे जेव्हा काहीच माहीत नसतं तेव्हा सगळ्यात जास्त बोलायचं आणि जेव्हा खरं बाहेर येतं तेव्हा दोन मिनिटं, हे अख्खं उलटं आहे आणि ते तुझ्यासारख्या छोट्या चॅनेलवाल्याला सरळ करता येतं, खरंच येतं, कारण तुझ्या डोक्यावर टीआरपीवाला बसलेला नाही.

आपण मयताच्या घरी कसे जातो? अंगणात, पडवीत गप्प बसतो, घरची माणसं जेवढं सांगतील तेवढं ऐकतो, कसं झालं हे खोदून विचारत नाही. कॅमेरा घेऊन गेलास तरी तसाच जा. पहिल्या दिवशी नाव, वय, कुठे आणि कधी गेले, ही माहिती कुणी दिली, अंत्यसंस्कार किती वाजता, बस. गूढ हा शब्द पोलिसांनी किंवा डॉक्टरांनी काही म्हटल्याशिवाय वापरू नकोस. आत्महत्या असेल तर अजून जपून, प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय की पद्धतीचं वर्णन नको, फोटो-व्हिडिओ नकोत, भडक हेडिंग नको, कारण त्याने आधीच खचलेल्या माणसाला धोका होतो. मुंबई हायकोर्टाने पण सुशांत सिंह राजपूतच्या प्रकरणानंतर जानेवारी २०२१ मध्ये चॅनेलना फटकारलं होतं, मेलेल्या माणसाला दुबळा ठरवू नका, घटना परत उभी करून दाखवू नका म्हणून.

आणि मग तेरा दिवस उलटून गेल्यावर परत जा. तेव्हा बातमी मोठी कर. त्या गायकाबरोबर ढोलकी, कीबोर्ड वाजवणाऱ्यांना भेट, त्याच्या पहिल्या कार्यक्रमाचं विचार, कुणाकडे जुन्या कॅसेट असतील त्या शोध, आणि मृत्यूचा रिपोर्ट आला असेल तर तो घरच्यांच्या परवानगीने साध्या शब्दात सांग. हे लोक बघतात, आणि दहा वर्षांनी पण बघतात.

तो रडण्याचा व्हिडिओ आज काढून टाक. त्या घरी जा आणि माफी माग, फोनवर नाही, जाऊन.

मी सावंतवाडीत डान्स क्लास घेतो. दर २५ जूनला मायकल जॅक्सनला ट्रिब्यूट म्हणून मुलांचा कार्यक्रम करतो. या वेळी एका पालकांनी विचारलं की ज्याच्यावर लहान मुलांच्या शोषणाचे आरोप होते त्याला हार का घालता. काय उत्तर देऊ?
— डान्स टीचर, सावंतवाडी

पालकांचा प्रश्न रास्त आहे, त्यांना उडवून लावू नका. जे आहे ते सरळ सांगा: २००५ मध्ये कोर्टाने त्याला सगळ्या आरोपांतून निर्दोष सोडलं, त्याआधी १९९३ च्या एका तक्रारीत पैसे देऊन तडजोड झाली होती, आणि २०१९ मध्ये दोन पुरुषांनी डॉक्युमेंटरीत लहानपणच्या शोषणाबद्दल सांगितलं, त्याच्या कुटुंबाने ते नाकारलं. तो २००९ मध्ये गेला त्या आठवड्यात तोवरच्या आरोपांबद्दल बरेच जण गप्प झाले होते, ज्यांनी आयुष्यभर त्याची टिंगल केली तेच रातोरात त्याला देव करून बसले.

१ नोव्हेंबर १९९६ ला तो अंधेरीच्या स्पोर्ट्स कॉम्प्लेक्समध्ये नाचला आणि त्यानंतर आपल्या गावागावांत गॅदरिंगला, गणपतीत, पोरांनी पाय घासत मागे सरकायचा सराव केला, ते कुणी पुसू शकत नाही. तो नाच शिकवा. हार नको, फोटोपुढे समई नको. आणि तुमच्या क्लासमधल्या मुलांना हे जरूर सांगा की कितीही मोठा माणूस असो, अंगाला नको तसा हात लावला तर घरी येऊन बोलायचं.

ताई, आमच्या बंदरातल्या बोटीवरचे दोन खलाशी बुडून गेले. पेपरात आतल्या पानावर चार ओळी, त्यातला एक नेपाळी होता तर त्याचं नावपण चुकीचं छापलं. आणि कुणी गायक कुठे परदेशात गेला तर आठवडाभर तेच. आमच्या जीवाला किंमत नाय काय?
— एक तांडेल, दापोली तालुका

दादा, तुमचं पत्र मी परत परत वाचलं. किंमत आहे, आणि तुमचा राग बरोबर आहे.

लोक ज्याला ओळखतात त्याच्यासाठीच रडतात, त्यात त्यांचा दोष नाही. जॅक्सनच्या स्मरणसभेला ७ जुलै २००९ ला लॉस एंजेलिसच्या स्टेपल्स सेंटरमध्ये जागा मिळावी म्हणून १६ लाख लोकांनी नाव नोंदवलं होतं आणि लॉटरीत तिकिटं निघाली १७,५००. पण तो गेला त्याच जूनमध्ये इराणमध्ये रस्त्यावर उतरलेल्या माणसांना गोळ्या घातल्या जात होत्या आणि २५ तारखेनंतर जगातल्या टीव्हीवरून ती माणसं जवळजवळ गायब झाली. तिथे दोष चाहत्यांचा नाही, कॅमेरा कुठे न्यायचा हे ठरवणाऱ्यांचा आहे.

आणखी एक सांगते. आसामचा गायक झुबिन गर्ग १९ सप्टेंबर २०२५ ला सिंगापूरला समुद्रात गेला, तोही पाण्यातच. त्याला बघायला गुवाहाटीत रस्ते माणसांनी भरून गेले, लोक त्याचं गाणं म्हणत रडत होते, आणि नुसते रडले नाहीत, कसं झालं, बरोबर कोण होतं, काळजी कुणी घ्यायची होती हे विचारत राहिले. गुवाहाटीत दुसरं शवविच्छेदन झालं, सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. लोकांच्या दुःखात एवढी ताकद असते. मग तुमच्या खलाशांबद्दल तेच प्रश्न का विचारू नयेत? बोटीवर लाईफ जॅकेट होती का, होती तर घातली होती का, वायरलेस चालू होता का, वाऱ्याचा इशारा असताना बोट बाहेर का गेली? ऑगस्टमध्ये मासेमारीची बंदी उठली की दर वर्षी धावपळीने बोटी सुटतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत.

पैशाचंही बघा. मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांना गट अपघात विमा आहे, मृत्यू झाला तर ५ लाख मिळतात. त्या दोघांची नावं त्यात होती का ते मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्यांकडे किंवा तुमच्या सोसायटीत विचारा, आणि नेपाळमधल्या घरी कागद कुणी पाठवणार हेही आत्ताच ठरवा, नाहीतर ते तसंच राहून जातं.

आणि आम्हाला दोघांची नावं त्यांच्या घरचे जशी लिहितात तशी लिहून पाठवा, घरच्यांची हरकत नसेल तरच. कुठल्या गावचे, किती वर्षं समुद्रावर होते, काय झालं, विम्याचं कुठवर आलं. पुढच्या अंकात त्यासाठी अख्खं पान ठेवायचं संपादकांशी बोलणं झालंय.